गैरहजर मालकाची झाडे

नियम वाचावा तर ओव्हाळसाहेबांनी, असं त्यांच्या कचेरीत सगळेच मानत. अलिबागच्या एका सरकारी कचेरीत रत्नपाल ओव्हाळ आस्थापना बघायचे. म्हणजे कोण आला, कोण नाही, कोणाची रजा मंजूर आणि कोणाची बिनपगारी, हे सगळं त्यांच्या टेबलावर ठरायचं. एखाद्या परिपत्रकातल्या ‘परंतु’पाशी ते सकाळी जे बसत ते जेवणाच्या सुट्टीलाच उठत, आणि उठत तेव्हा त्या ‘परंतु’तून कुणाची तरी वेतनवाढ निघालेली असे, नाहीतर बुडालेली. त्यामुळे त्यांच्या मुलीनं, प्रांजलीनं, त्यांना मोबाइलवरच्या खेळात ओढलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की याची नियमावली कुठे आहे.

प्रांजली बंगळुरूला नोकरीला होती. फोन रोज व्हायचा, पण त्या फोनात हल्ली ‘जेवलीस का’ आणि ‘जेवले’ याखेरीज काही उरलं नव्हतं. मध्येच दोघंही गप्प व्हायची आणि मग दोघंही एकदम ‘बरं मग’ म्हणायची. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, नुसतं बोलण्यापेक्षा आपण एकत्र काहीतरी करू या. माझी मित्रमंडळी एक खेळ खेळतात. तुम्ही या त्यात."

खेळ असा होता. एक ओसाड बेट, आणि जहाज फुटून तिथे येऊन पडलेली माणसं. प्रत्येकानं लाकूड तोडायचं, झोपडी बांधायची आणि शेत लावायचं. शेतात कंद, मका आणि एक औषधी पाला. पाला महत्त्वाचा, कारण बेटावर पुढे हिवाळा येणार होता आणि ज्याच्याकडे पाला नाही तो त्यात तापानं मरणार होता. मेलेल्यानं पुन्हा किनाऱ्यावर पांढऱ्या सदऱ्यात उभं राहायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. खेळणारे सगळे आपापल्या गावी आपापल्या फोनवर, पण बेट एकच. जवळ गेलं की एकमेकांचा आवाजसुद्धा ऐकू यायचा. कारभार दीपेशकडे होता. हा प्रांजलीच्या कॉलेजातला, उरणचा, न्हावा शेव्याला मालवाहतुकीच्या कंपनीत दिवसपाळी करायचा. त्यानं नियम इंग्रजीत लिहिले होते. काकांसाठी म्हणून त्यानं ते फोनकडूनच मराठीत करून घेतले आणि ग्रुपवर टाकले.

त्यातलाच एक नियम होता: ‘गैरहजर मालकाची झाडे तोडणीस मोकळी आहेत.’

दुसरा कुणी असता तर हे वाचून पुढे गेला असता. ओव्हाळसाहेब थांबले. गैरहजर या शब्दावर त्यांची उभी नोकरी चालली होती. माणूस चहाला गेला, गैरहजर. जिन्यात बोलत उभा राहिला, गैरहजर. खुर्चीवर डबा असेल, कोट असेल, छत्री असेल, पण माणूस नसेल तर तो गैरहजर. तेव्हा अर्थ उघड होता. जो आत्ता या क्षणी खेळात नाही त्याच्या शेतातलं पीक कुणीही तोडावं. नियम त्यांना जरा कडक वाटला, पण शिस्तीच्या दृष्टीनं आवडलाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते फोन घेऊन बसले. त्यांची पत्नी मनाली नागावजवळच्या शाळेत शिकवायची, तिची डब्याची गडबड चालू होती. बेटावर कुणी नव्हतं. खेळ सोडून गेलेल्या माणसांची आकृती नाहीशी व्हायची, पण घरं तशीच राहायची. दारं अर्धवट उघडी, चुली धगधगत्या, कंदील जळतोय आणि आत कुणी नाही. वाऱ्यानं मका हलायचा तेवढाच आवाज. आख्खी वस्ती जेवता जेवता उठून कुठेतरी निघून गेल्यासारखी. ओव्हाळसाहेबांच्या मानेवर काटा आला. मग त्यांनी मनाशी म्हटलं, सगळे गैरहजर, आणि विळा काढला.

त्यांनी शेतं साफ केली. दीपेशचं, प्राप्तीचं, शुभमचं. प्राप्ती आणि शुभमही त्याच कॉलेजमधली, एक पुण्याला, एक पनवेलला. पाला ओरबाडला नाही, खालून नीट कापला, जुड्या बांधल्या आणि झोपडीमागच्या तळघरात रचून ठेवल्या. प्रांजलीचं शेत मात्र त्यांनी सोडलं. नियमाप्रमाणे तेही मोकळं होतं, पण पोटच्या मुलीच्या शेतात विळा घालायला हात होईना. अशा वेळी सक्षम अधिकाऱ्याला विशेष अधिकार असतात, असं त्यांनी ठरवलं. हे पुढे रोज सकाळी चालू झालं.

ग्रुपवर ओरड सुरू झाली. प्राप्तीनं लिहिलं, ‘रात्रीत कुणीतरी सगळं कापून नेलंय, पायाचा ठसासुद्धा नाही.’ शुभमनं लिहिलं, ‘माझ्या कंदिलात तेल घातलेलं होतं, मी घातलं नव्हतं.’ ते ओव्हाळसाहेबांनीच घातलं होतं, विझायला आला होता म्हणून. पण लोक बोलत होते ते चोरीबद्दल, आणि आपण करतो ती नियमानुसार तोडणी, त्यामुळे हे दुसरंच कुणीतरी आहे याबद्दल त्यांना शंका आली नाही. उलट धास्ती बसली. कचेरीत असताना ते दिवसभर गैरहजर असत, तो चोर आपल्या शेतात कधीही शिरेल. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘सर्वांनी आपापली उपस्थिती वाढवावी.’ त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

ही चिंता त्यांनी वरच्या मजल्यावरच्या दयाराम पाटलांना सांगितली. पाटील सोसायटीचे सेक्रेटरी. घराणं उरणकडच्या मिठागरातलं, आता त्यांचे ट्रेलर बंदरावर चालायचे. खेळ मोबाइलमधला आहे एवढं सांगायचं ओव्हाळसाहेबांनी टाळलं, शेत आहे इतकंच सांगितलं.

"राखण न्हाय ठेवली?" पाटलांनी विचारलं.

"ठेवायची कुणाला?"

"कुणालाबी. माणूस दिसला पायजे, बास. आमचा आजा मिठागराव सदरा घातलेला बांबू उभा करायचा. लांबनं माणूस वाटतं. हलता असला तर आणखी बरा."

ओव्हाळसाहेबांना हे पटलं. प्रतिनिधी चालतो, मुखत्यारपत्र कायद्याला मान्य आहे. त्यांनी कपाटातला जुना फोन काढला, त्यात नवं सिम घातलं आणि त्यावरून खेळात आणखी एक माणूस दाखल केला. नाव विचारलं तिथे रत्नपाल लिहिलं, तर ते आधीच घेतलेलं निघालं. घेणारे तेच होते, पण खेळ ऐकेना. वैतागून त्यांनी नुसता एक ठिपका टाकला आणि तो खेळानं मुकाट्यानं स्वीकारला. अशा रीतीनं बिननावाचा, पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस त्यांच्या आणि प्रांजलीच्या शेतामधल्या बांधावर येऊन उभा राहिला.

अडचण एवढीच की न हलणाऱ्या माणसाला खेळ थोड्या वेळानं बाहेर काढायचा. फोनवर सारखं कुणीतरी बोट ठेवायला हवं. ओव्हाळसाहेबांनी भिंतीलगतच्या टेबलावर फोन उभा केला, समोर टेबलफॅन स्टुलावर ठेवला, त्याची मान फिरती ठेवली आणि मानेला एक काठी बांधली. काठीच्या टोकाला आधी पेन्सिल लावून पाहिली. फोनला ती कळेना. चमचा कळेना. खोडरबर कळेना. शेवटी भाजीच्या टोपलीतली काकडी अर्धी कापून बांधली, आणि फोनला ती बोटासारखीच वाटली. पंख्याची मान वळून आली की काकडी काचेवर टेकायची, टक्, आणि बेटावर पांढरा माणूस जरासा वळायचा. मान परत जायची. पुन्हा यायची. टक्.

मनाली आधी शाळेत जायची. ती गेली की ते पडदे ओढून यंत्रणा चालू करत आणि कचेरीला जात. ती शाळेनंतर शिकवण्या उरकून यायच्या आत येऊन पंखा, काठी, फोन आवरून ठेवत, स्टूल तेवढं तिथेच राहायचं. बायकोला हे समजावून सांगणं त्यांच्या पदाला शोभलं नसतं.

"काकड्या कुठे जातात हो?" मनालीनं एकदा विचारलं.

"खातो मी. पित्तावर बरी."

"मला तुम्ही कधी खाताना दिसला नाहीत."

"तू असतेस कुठे घरी?" ते म्हणाले, आणि विषय तिथे संपला.

पण खाली इंदूबाई राहत. एकट्या होत्या, दुपारी आडव्या पडत, आणि त्यांचं छत म्हणजे ओव्हाळांची फरशी. त्यांनी मनालीला जिन्यात गाठलं.

"मनाली, तुमच्या घरात दुपारी कोण असतं?"

"कोणी नाही. दोघंही कामावर."

"मग चालतं कोण?" इंदूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "रोज ऐकते. एक पाऊल टाकतं, थांबतं. मग एक टाकतं. घाई नाही त्याला कसली. कुणीतरी खोली मोजत असावं तसं."

मनालीनं हे घरी येऊन सांगितलं. ओव्हाळसाहेब म्हणाले, उंदीर असेल.

"उंदीर एकेक पाऊल टाकत नाही," मनाली म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. पाटलांनीही गाडी लावताना वर पाहिलं होतं. बंद खिडकीआड पडदा आत ओढला जात होता आणि बाहेर येत होता, आणि मागे निळसर उजेड. त्यांनी राखणीचा सल्ला दिला होता, पण त्याचा याच्याशी संबंध असेल हे त्यांच्या डोक्यात येण्यासारखं नव्हतं. त्यांनी बायकोला सांगितलं, बायकोनं सोसायटीला. लोक जिन्यात ओव्हाळांच्या दारापाशी आले की भराभर पावलं उचलू लागले. आपल्या घराबद्दल असं बोललं जावं याचं ओव्हाळसाहेबांना वाईट वाटलं. घाबरलेल्या मनालीला ‘अगं, ती काकडी आहे’ एवढं एक वाक्य सांगावं असं त्यांना रोज वाटायचं, आणि ते वाक्य मनातल्या मनात म्हणून पाहिलं की सांगवत नसे.

इकडे बेटावर वेगळंच वळण लागलं होतं. हिवाळा जवळ आला आणि कुणाकडेच पाला नाही. दोन शेतं तेवढी शाबूत होती, एक काकांचं आणि एक प्रांजलीचं. काकांवर कुणी संशय घेतला नाही, त्यामुळे सगळे प्रांजलीवर आले. थेट कुणी म्हणालं नाही. तिला उत्तरं देणं बंद झालं. तिनं सांगितलं, माझ्या बांधावर पांढऱ्या कपड्यातलं कुणीतरी उभं असतं, त्याला नाव नाही, बोलत नाही. त्यावर प्राप्तीनं लिहिलं, ‘ते फक्त तुलाच कसं गं दिसतं?’

ओव्हाळसाहेबांनी हे कचेरीत जेवणाच्या सुट्टीत वाचलं. पहिल्या क्षणी त्यांना बरंच वाटलं, राखण लागू पडली म्हणून. मग मुलीचं नाव पुन्हा वाचलं आणि घास तोंडातच फिरत राहिला. आज संध्याकाळी तिला फोन करून सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. तेवढ्यात तिचाच फोन वाजला.

"बाबा." आवाज अगदी बारीक. "ते आता बांधावर नाहीये."

"कोण?"

"पांढरं. रोज थोडं थोडं जवळ येत होतं. मी बघत होते. आज माझ्या दाराशी आलंय, आणि दार ठोकतंय."

ओव्हाळसाहेबांचा मुखत्यार जागच्या जागी वळत असे, चालत नसे. दार ठोकणं त्यांनी त्याला शिकवलं नव्हतं. ते स्वतः कचेरीत, घराला कुलूप, आणि तो दार ठोकत होता.

"खेळ बंद कर, प्रांजली."

"केला होता. परत उघडला तर तिथेच. बाबा, फोन ठेवू नका ना."

त्यांनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज टेबलावर टाकला. त्यावर कारण लिहायचं राहिलं, आणि असं त्यांच्या हातून पहिल्यांदाच घडलं. हेल्मेटमध्ये फोन कोंबून ते स्कूटरवर बसले. वाटेत नारळाच्या वाड्या उन्हात गप्प उभ्या होत्या, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, आणि कानात मुलीचा श्वास. मधूनमधून ती नुसतं म्हणायची, "ठोकतंय."

जिन्यात माणसं जमली होती. इंदूबाईंनी फोन करून मनालीला शाळेतून बोलावलं होतं. आज आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता. मनाली किल्ली हातात धरून दारापाशी उभी होती. पाटलांच्या हातात ट्रेलरचा टायर उघडायचा पाना होता.

"अहो, आत कोणीतरी आहे," मनाली म्हणाली.

आतून स्पष्ट आलं. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्.

त्याच वेळी इमारतीची लाईट गेली. जिन्यातला दिवा विझला, पंपाची घरघर थांबली, आणि आतला आवाजही थांबला.

"बाबा," कानात प्रांजली कुजबुजली, "ठोकायचं थांबलं. मी दार उघडलंय. ते उभंय समोर. माझ्याकडे बघतंय."

ओव्हाळसाहेबांनी बायकोच्या हातातून किल्ली घेतली आणि दार उघडलं. पडदे ओढलेली खोली अंधारी होती, कुबट वास भरला होता. स्टूल भिंतीपाशी सरकलेलं होतं. पंख्याच्या हिसक्यानं ते रोज बोटभर सरकत असावं, आणि त्याबरोबर काकडी काचेवर दुसऱ्याच जागी टेकायला लागली होती. मान अर्ध्यात अडकून पंखा थांबला होता. फोनवर तेवढा उजेड होता.

ते वाकले. काचेत एक झोपडी दिसत होती, दार सताड उघडं, आत कंदील. उंबऱ्यावर एक छोटी मुलगी, डोक्याला निळा रुमाल, दोन्ही हातांनी विळा समोर धरलेली, आणि ती सरळ त्यांच्याकडे बघत होती. मुलगी खेळातली होती, पण उभी राहायची पद्धत प्रांजलीची होती, एक खांदा वर.

त्यांनी काकडी बाजूला केली. बोट चुकून काचेला लागलं.

"हललं," प्रांजली कानात म्हणाली.

"प्रांजली, घाबरू नकोस. मी आहे."

क्षणभर थांबून तेच वाक्य त्यांच्या कानात परत आलं, घुमत, लांबून. ते बेटावरून आलं होतं. पांढऱ्या माणसाच्या तोंडून त्यांचाच आवाज त्यांच्या मुलीला म्हणत होता, घाबरू नकोस, मी आहे. ओव्हाळसाहेबांच्या हातून फोन पडायचा राहिला. मनालीनं त्यांचा दंड घट्ट धरला.

काचेतल्या मुलीनं विळा खाली केला.

"बाबा?" ती म्हणाली. "तुम्ही आहात हे?"

"हो. म्हणजे माझा मुखत्यार."

पाटलांनी पान्याच्या टोकानं काकडी उचलून पाहिली.

"साहेब, शेत कुठं हाय म्हनालात?"

ओव्हाळसाहेबांनी सगळ्यांना सविस्तर निवेदन केलं. इंदूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही, पण काकडी आहे म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं. मनाली खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "मी किती दिवस न्हाणीघरात जाताना दार उघडं ठेवतेय, माहीत आहे तुम्हाला?" त्यांनी पंख्याची काठी सोडायला घेतली.

संध्याकाळी बेटावर सगळे जमले. दीपेशनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "काका, गैरहजर म्हणजे जो महिनाभर आलाच नाही तो. ज्यानं खेळ सोडला तो." ओव्हाळसाहेबांनी मुद्दा मांडून पाहिला की मग मसुद्यात मुदत नमूद असायला हवी होती. कुणी ऐकलं नाही. त्यांनी तळघर उघडलं. जुड्या ज्याच्या त्याच्या नावानं रचलेल्या होत्या, त्या एकेकाला बोलावून परत केल्या. प्राप्ती प्रांजलीला सॉरी म्हणाली. मग ओव्हाळसाहेबांनी विचारलं, की दोन शेतं शाबूत असताना माझ्यावर संशय का घेतला नाहीत? शुभम चाचरत म्हणाला, "काका, आम्हाला वाटलं तुम्हाला अजून दार उघडता येत नाही." हे त्यांना सगळ्यात लागलं.

रात्री जेवताना त्यांच्या मनात हजेरीचा हिशेब आपोआप चालू झाला. मुखत्यार कधी उभा असायचा? ते कचेरीत असताना. तो दीपेशला दिसला नाही, प्राप्तीला नाही, शुभमला नाही. बरोबर आहे, त्या वेळी ती मुलं कामावर असतात. तो रोज थोडा थोडा जवळ येताना एकट्या प्रांजलीनं पाहिला होता. रोज. कामाच्या दिवशी, भर दुपारी.

ते ताटावरून उठले आणि फोन घेऊन बाल्कनीत गेले.

"प्रांजली, तू दुपारी ऑफिसात नसतेस का?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"गणपतीच्या आधीच काढलं, बाबा. आमची सगळी टीमच काढली. सांगणार होते." ती थांबली. "मग तुम्ही रोज विचारायचात जेवलीस का, आणि मी सांगायचे जेवले."

आतून मनाली विचारत होती, कोणाचा फोन.

"घरी ये," ते म्हणाले.

ती आली ती गेटवेहून बोटीनं मांडव्याला. ओव्हाळसाहेब जेट्टीवर वेळेआधी जाऊन उभे होते. सुट्टीच्या टोप्या घातलेल्या पर्यटकांमधून ती दोन मोठ्या बॅगा ओढत आली, बारीक झालेली, एक खांदा वर. त्यांनी वाटभर एक वाक्य तयार केलं होतं. ते म्हणण्याऐवजी त्यांनी एक बॅग घेतली.

रिक्षात ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, "बाबा, एक सांगू? ते ठोकायला लागलं तेव्हा भीती वाटली. पण त्याच्या आधी नुसतं उभं असायचं ना, तेव्हा तेवढी नाही वाटायची. सकाळ झाली की मी बघायचे, आलं का. शनिवार-रविवार यायचं नाही. शनिवार-रविवार मला करमायचं नाही."

शनिवार-रविवार ओव्हाळसाहेब घरी असत, पंखा लावायची गरज नसे.

"थळच्या बाजारात थांबू या का?" ते रिक्षावाल्याकडे बघत म्हणाले. "ताजी सुरमई मिळाली तर घेऊ."

"घ्या," ती म्हणाली, आणि त्यांच्या खांद्याला टेकून डोळे मिटले.